बावीस इंच

नाना चाऱ्याने तीन नळ्या मांडल्या टेबलावर.
खाली जुनं पोतं, वर तेलाचा वास.
सव्वीस, चोवीस, बावीस.
बाहेर वेंगुर्ल्याचा बाजार उठत आलेला,
बांगड्यांच्या पाट्या धुतल्याचं पाणी
दुकानाच्या पायरीशी येऊन थांबलेलं.

मी म्हटलं, लांब द्या.
आप्पांची लांब होती.

आप्पा सहा फूट. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशापर्यंत.
त्यांची दुनळी मी तीन वर्षं वाहिली,
दर वळणावर तिचं तोंड काजूच्या फांदीत अडकायचं
आणि मी फांदीची माफी मागत मागं सरायची.

नानाने चष्मा कपाळावर ढकलला.
"लांब नळयेक येग बरो, ह्या खोटा नाय.
पण तुझ्या बागेत लांबचा काय आसा गे?"

आठवून पाहिलं.
सगळ्यात लांब दिसतं ते विहिरीपासून गडग्यापर्यंत,
साठ पावलं, तीही भात कापल्यावर.
बाकी करवंदी, रातांब्यांची सावली,
आणि एक वाट, डुकरांनीच पाडलेली,
त्यांच्याच उंचीची.

मग जाडी.
एक नळी मुसळासारखी, बुडापासून टोकापर्यंत तोच धीर,
दहा बार काढा, ढळणार नाही.
दुसरी पोफळीसारखी.
नाही, पोफळ वर-खाली सारखीच.
दुसरी गळाच्या काठीसारखी,
बुडाशी भरीव आणि पुढे निमुळती, निमुळती,
टोकाला जवळजवळ लाजलेली.

"ही तिसऱ्या बाराक रुसता. तापली की गोळी वायच वर चढता.
एका रातीत किती बार काढतंस?"

एक.
गेल्या साली मिळून दोन.
त्याआधी वनखात्याचा कागद, सरपंचांची सही,
उकरलेल्या सुरणांचे फोटो,
मग माचावर बसणं, डास, थर्मासातला गार चहा,
आणि बहुतेक रात्री कुणीच येत नाही.

"मगे तू ही मारूक घेणस नाय," नाना म्हणाला,
"व्हावूक घेतंस."

एकेक नळी त्याने दस्त्यावर चढवली,
माझी तर्जनी ताठ करून
बंदूक आडवी ठेवली तिच्यावर, चापाच्या कडीच्या जरा पुढे.
सव्वीसची नाक खाली घालून बसली,
पाणवठ्यावरच्या म्हशीसारखी.
बावीसची अगदी बारीक, तिचं तोंड आभाळाकडे;
"तुझो हात एकदा थरथरलो तर ही चारदा थरथरतली."

तेव्हा कुठे तो उठला,
कपाटामागून चौथी काढली. बावीसच, मधल्या अंगाची,
कुणीतरी सांगून न नेलेली.
बोटावर ठेवली.
हलली.
पुन्हा हलली.
आणि मासळी संपल्यावर कोळणीची तागडी राहते
तशी राहिली.

"दर्याकडचो गाव," पैसे मोजताना तो म्हणाला,
"गंज पयलो भुतूर लागता. वरसून फुसू नको नुसती."

तुळसच्या चढावर मी ती दोनशे वेळा वाहिली असेल.
उजव्या खांद्याला तिची जागा झाली,
जशी कडेवरच्या पोराची होते,
पाय घसरला तरी ती आधी सावरायची, मग मी.
बार मोजून चार. त्यातला एक चुकला,
चूक माझी होती, नळीची नव्हे.

आज आचारसंहिता लागली.
ठाण्यात टेबलावर ठेवली, हवालदाराने टेप लावली.
पावती अशी:
शालन लाडू गवस. शेतीरक्षण. नग एक.
नळी बावीस इंच.
वजनाचा रकाना त्या कागदावर नाही.

परत येताना घाटीत
उजवा खांदा उगाच वर धरलेला माझा.
गडग्यापाशी माती ओली, ताजी उकरलेली.
मी तिथंच उभी राहिले थोडा वेळ,
किंचित डावीकडे कललेली.